चित्रकेतूची कथा आणि साताऱ्याचे शाहू महाराज



भागवताच्या सहाव्या स्कंधात चित्रकेतू राजाची कथा येते, आज तिथपर्यंत पोचलो. ज्यांचं वाचन मागे राहिलं असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शूरसेन देशाचा हा राजा. राण्यांची गणतीच नाही, भागवत तर कोटीत आकडा देतं. पण मूल नाही. अंगिरा ऋषी यज्ञाचा प्रसाद देतात आणि थोरल्या राणीला, कृतद्युतीला, मुलगा होतो. राजाचं सगळं प्रेम मग त्या एकाच दालनात जाऊन बसतं. बाकीच्या राण्या जळतात आणि एक दिवस बाळाला विष घालतात. पुढे नारद त्या मेलेल्या मुलाच्या जीवाला परत बोलावतात, आणि तो जीव आईबापांना ओळखच देत नाही. किती जन्मांत किती आईबाप झाले, त्यातले हे कोणते, असं तो विचारतो.

आमच्या पनवेलच्या वाचनगटातल्या एका मुलीने विचारलं की ही कथा ऐकायला ठीक आहे, पण असं खऱ्या माणसांच्या घरात कधी घडतं का? मला लगेच एक घर आठवलं. फार लांबचं नाही. गोवा हायवेने महाडकडे निघालं की माणगाव लागतं, त्याच्या जवळ गांगवली. तिथे १८ मे १६८२ ला शंभूराजे आणि येसूबाईंच्या पोटी एक मुलगा जन्मला. शिवाजी महाराजांचा नातू, पुढे साताऱ्याचे छत्रपती शाहू महाराज. (कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज वेगळे, ते जवळजवळ दोनशे वर्षांनंतरचे. ही गल्लत इतक्या वेळा होते की आधीच सांगून टाकलेलं बरं.)

शाहू महाराजांचं राज्य आपण शाळेत शिकतो ते पेशव्यांच्या नावाने. बाळाजी विश्वनाथ, पहिले बाजीराव, नानासाहेब, हे तिघेही त्यांनीच नेमलेले. पण आज मला राज्याबद्दल नाही, त्यांच्या घराबद्दल लिहायचंय. आई, बायका, राणीपद नसलेली पण राणीहून मोठी असलेली एक स्त्री, मांडीवर घेतलेला एक मुलगा, आणि शेवटी दुसऱ्या कोणीतरी पुढे केलेला एक वारस.

सुरुवात आईपासूनच करायला हवी. १६८९ च्या मार्चमध्ये शंभूराजांना औरंगजेबाने ठार केलं. रायगडाला वेढा पडलेला. गादीचा हक्क कोणाचा, तर सात वर्षांच्या शाहूचा. आणि येसूबाईंनी काय ठरवलं? धाकटे दीर राजाराम यांनी राज्यकारभार हाती घ्यावा आणि गडावरून निसटून जावं. सगळेच गडावर अडकले तर राज्य संपेल, हे त्यांना दिसत होतं. राजाराम महाराज निसटले, पुढे जिंजीला पोचले. नोव्हेंबरमध्ये रायगड पडला आणि येसूबाई मुलासह मोगलांच्या कैदेत गेल्या. आपल्या मुलाच्या हक्काची गादी आपणहून दुसऱ्याच्या हाती देणं, तेही नवरा गेल्यावर काही आठवड्यांत. मी हा प्रसंग कितीदा वाचलाय, तरी दर वेळी तिथे थांबते. आपण पुत्रमोहाची उदाहरणं म्हणून धृतराष्ट्र आणि कैकेयी सांगतो. त्याच्या उलट बाजूचं उदाहरण हवं असेल तर ते आपल्या रायगड जिल्ह्यातच आहे.

शाहू महाराजांची कैद साडेसतरा वर्षांची. सात वर्षांचं पोर आत गेलं, पंचविशीचा तरुण बाहेर आला. तुरुंगाची कोठडी नव्हती ती. औरंगजेबाची छावणी म्हणजे हलतं शहर, आणि त्या शहरात या मायलेकरांचा तंबू. बादशहाने मुलाला सात हजारी मनसब दिली. बादशहाची मुलगी झीनतउन्निसा हिने मायलेकरांना जपलं, असं सगळे इतिहासकार सांगतात. त्यावर एकदा धर्मांतराचं संकट आलं, तेव्हा प्रतापराव गुजरांच्या दोन मुलांनी, खंडेराव आणि जगजीवन यांनी, त्यांच्याऐवजी धर्म बदलला. म्हणजे बघा, या माणसाचं हिंदू राहणंसुद्धा दुसऱ्यांनी आपलं काही देऊन राखलेलं आहे.

लग्नंही छावणीतच झाली. दोन मुली. एक सिंदखेडच्या जाधवांकडची, म्हणजे जिजाऊंच्या माहेरची, दुसरी कण्हेरखेडच्या शिंद्यांची. नावं अंबिकाबाई आणि सावित्रीबाई. यांच्याबद्दल फार काही हाती लागत नाही, आणि पुढच्या साताऱ्याच्या गोष्टीत त्या जवळजवळ दिसतच नाहीत. पण या लग्नातूनच विरूबाई पुढे येतात.

बखरींमधून आलेली हकीकत अशी. लग्नानंतर बादशहाने सुनेला बघायची इच्छा दाखवली. घरच्यांना ते नको होतं, आणि नाही म्हणायची सोय नव्हती. मग नवरीच्या जागी विरूबाई नावाच्या दासीला शालू-दागिने घालून पाठवलं. बादशहाने कौतुक केलं, नजराणे दिले, प्रसंग निभावला. पण बादशहासमोर जी एकदा महाराजांची पत्नी म्हणून उभी राहिली, तिला परत दासी कसं म्हणायचं? शाहू महाराजांनी तिला आयुष्यभर पत्नीच्याच मानाने वागवलं. हकीकतीतला तपशील कोणाला पटेल, कोणाला नाही. पुढची तीस-पस्तीस वर्षं विरूबाई महाराजांच्या घराच्या खऱ्या कारभारीण होत्या, हे मात्र कागदोपत्री आहे. राजाच्या जवळ जायचं तर विरूबाईंची मर्जी सांभाळावी लागे, हे मोठमोठ्या सरदारांना माहीत होतं. लग्नाचा विधी नाही, राणीपदाचा शिक्का नाही, घराण्याचं बळ नाही. होता तो फक्त एका माणसाचा पूर्ण विश्वास.

इथे थोडं विषयांतर करते. बाजीराव-मस्तानी हा विषय सिनेमामुळे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पुण्यात घरच्यांनी मस्तानीला अडकवून ठेवलं तेव्हा शाहू महाराजांचा कल असा होता की बाजीरावांचं मन दुखवू नये, जबरदस्ती करू नये. सिनेमात हे फारसं कोणाच्या लक्षात राहत नाही. पण ज्याच्या स्वतःच्या घरात विरूबाई होत्या, त्या राजाला ती गोष्ट आतून कळली असणार, असं मला वाटतं.

१७०७ मध्ये औरंगजेब गेला. त्याचा मुलगा आझमशहा उत्तरेकडे निघाला आणि मे महिन्यात त्याने शाहू महाराजांना सोडलं. पण एकट्याला. येसूबाई, सावत्र भाऊ मदनसिंग आणि घरातली आणखी माणसं ओलीस म्हणून मोगलांकडेच राहिली. येसूबाई परत आल्या त्या १७१९ मध्ये, बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून सनदा घेऊन आले तेव्हा. रायगड पडल्यापासून मोजा, तीस वर्षं होतात.

सुटलेला राजा दक्षिणेकडे येत होता. त्याच्याकडे ना किल्ला, ना खजिना. वाटेत मराठवाड्यात पारद नावाच्या गावाशी लढाई झाली. गावच्या लोखंडे पाटलांनी सामना केला, त्यात पाटील मारले गेले. त्यांची बायको लहान मुलाला घेऊन आली आणि तिने ते मूल महाराजांच्या पालखीत ठेवलं. बाप यांच्याच लोकांकडून मारला गेलेला, आणि मूल यांच्याच पालखीत. महाराजांनी ते घेतलं. मुलाचं नाव राणोजी होतं. परत आल्यावरची ही पहिली फत्ते, म्हणून नाव ठेवलं फत्तेसिंह, आणि आडनाव दिलं स्वतःचं, भोसले. साताऱ्यात त्याला वाढवलं विरूबाईंनी.

त्या आईचा विचार मी पुष्कळ केलाय. नवऱ्याचं प्रेत अजून रणात असेल, आणि ही बाई शत्रूच्या पालखीकडे चालत जाते. शरणागती म्हणू, हताशा म्हणू, की मुलाच्या जिवासाठीचा तिखट हिशोब? बहुतेक तिन्ही. आणि महाराजांच्या बाजूने बघितलं तर, सात वर्षांचे असताना ते स्वतः असेच शत्रूच्या छावणीत जाऊन पडले होते. बापाला मारणाऱ्याच्या घरी वाढणं म्हणजे काय, हे त्या काळात त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

फत्तेसिंह मोठे झाले, कर्नाटकच्या स्वाऱ्यांवर गेले. बाजीराव त्यांच्याबरोबर होते त्या १७२५-२६ च्या स्वारीत आणि पुढे रघुजी भोसल्यांबरोबर त्रिचनापल्लीच्या मोहिमेत त्यांचं नाव आहे. सेनापती म्हणून फार गाजले असं नाही. पण महाराजांनी त्यांना जहागीर दिली ती अक्कलकोटची. हो, आपलंच अक्कलकोट. जे दर वर्षी स्वामींच्या दर्शनाला जातात, त्यांनी हे एकदा मनात धरावं. स्वामी समर्थ १८५७ च्या सुमारास अक्कलकोटात आले आणि १८७८ मध्ये समाधिस्थ होईपर्यंत तिथेच राहिले. तेव्हा तिथले राजे होते मालोजीराजे भोसले, स्वामींचे भक्त. ते या फत्तेसिंहांच्या गादीवरचे. पारदच्या रणातून एका विधवेने पालखीत ठेवलेल्या मुलामुळे ती गादी उभी राहिली.

आता साताऱ्याला येऊ. १२ जानेवारी १७०८ ला शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला. नंतर दोन राण्या आल्या. थोरल्या सकवारबाई, शिर्क्यांच्या. धाकट्या सगुणाबाई, मोहित्यांच्या. दोन्ही घराणी भोसल्यांशी जुनी सोयरीक असलेली, दोन्ही मानी. दोन राण्या, दोन वाडे, दोघींचे वेगवेगळे कारभारी, आणि दरबारातले गट त्याप्रमाणे वाटलेले. कोणी थोरल्या राणीच्या बाजूचा, कोणी धाकट्या. धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना मात्र महाराज आणि वाड्यातल्या बायका, सगळेच मानत. कोकणातल्या परशुरामाच्या देवस्थानाचे ते स्वामी, पेशव्यांपासून आंग्र्यांपर्यंत सगळे त्यांच्या पायाशी आणि पुष्कळजण त्यांच्या कर्जात.

आणि मुलगा? राण्यांच्या पोटचा एकही मुलगा जगला नाही.

महाराजांचा स्वभाव मऊ. शिकारीची हौस, कुत्री, पक्षी, बागा, झाडं. त्यांचा खंड्या नावाचा लाडका कुत्रा होता. वाघाच्या शिकारीत त्याने महाराजांचा जीव वाचवला म्हणतात, म्हणून त्याला पालखीचा मान होता. एकदा दरबारात एक सरदार अंगभर दागिने घालून मिरवत येणार हे कळल्यावर महाराजांनी आपले दागिने आणि पागोटं त्या कुत्र्याला घातलं आणि स्वतः साध्या वेशात बसले, ही गोष्टही सांगतात. त्याची समाधी माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमावर आहे. लोक हसत हसत फोटो काढतात. मला तिथे हसू येत नाही. चाळीस वर्षं राज्य केलेल्या, घर भरलेल्या माणसाने आपलं प्रेम कुठे कुठे ठेवलं होतं, त्याची ती खूण आहे.

१७३३ मध्ये रायगड परत मिळाला, चव्वेचाळीस वर्षांनी. तोवर तो मुलगा एक्कावन्न वर्षांचा झाला होता.

१७४० हे वर्ष वाईट गेलं. एप्रिलमध्ये बाजीराव गेले आणि वर्ष संपता संपता विरूबाई गेल्या. त्यानंतरचे शाहू महाराज वेगळे आहेत, खचलेले. घरातला धाक गेला. राण्यांचं वैर उघडं पडलं, आणि वारसाचा प्रश्न दारात येऊन बसला. कोल्हापूरचे चुलतभाऊ संभाजी राजे होते. पण त्यांच्याशी जन्मभर झगडा झालेला, १७३१ चा वारणेचा तह होऊनही मनं जुळली नव्हती. नागपूरच्या रघुजी भोसल्यांचा मुलगा घ्यावा, असाही विचार निघाला. रघुजींची बायको मोहित्यांचीच, म्हणजे सगुणाबाईंच्या नात्यातली. सकवारबाईंना आपल्या पसंतीचा मुलगा दत्तक हवा होता. ज्याच्या त्याच्या हातात एकेक नाव, आणि प्रत्येकाला तो मुलगा हवा होता तो आपला म्हणून. चित्रकेतूच्या घरात एका मुलासाठी विष निघालं. इथे तर मुलगा नव्हताच, तरी विष निघालं.

या गोंधळात ताराबाई बोलल्या. त्या राजाराम महाराजांच्या राणी, शाहू महाराजांच्या चुलती. एके काळी औरंगजेबाशी सात वर्षं झुंजलेल्या, नंतर पुतण्याशीच गादीसाठी लढलेल्या, आणि आता पुतण्याच्याच साताऱ्यात राहत असलेल्या. वय सत्तरीच्या पुढे. त्यांनी सांगितलं की आपला मुलगा दुसरा शिवाजी १७२६ मध्ये गेला, पण त्याचा एक मुलगा आहे. त्याच्या जिवाला धोका होता म्हणून त्याला लपवून वाढवलं. पानगावला दर्याबाई निंबाळकरांकडे तो आहे. नाव रामराजा.

शाहू महाराजांनी ते मानलं. सकवारबाईंनी नाही, त्यांच्या मते तो तोतया होता. १७४८ मध्ये सगुणाबाई गेल्या, महाराज आजारी पडले. शेवटच्या दिवसांत त्यांनी स्वतःच्या हाताने दोन याद्या लिहिल्या आणि राज्य नानासाहेब पेशव्यांच्या हवाली केलं. गादीवर ताराबाईंचा नातू, कारभार पेशव्यांचा. १५ डिसेंबर १७४९ ला साताऱ्यात ते गेले.

आणि आता तो भाग, जो मला लिहायला जड जातोय.

सकवारबाईंनी वारसाचं आपलं राजकारण प्रतिनिधींच्या साथीने चालवलं होतं. त्यावरून कोणाचं लक्ष उडावं म्हणून की खरंच मनात होतं म्हणून, त्या आधीपासून म्हणत होत्या की महाराजांमागे आपण सती जाणार. महाराज गेले आणि पेशव्यांनी तो शब्द धरला. राणीच्या भावाला निरोप गेला की आता मागे फिरलात तर शिर्के घराण्याचं नाव जाईल. भावाने बहिणीला समजावलं. माहुलीच्या संगमावर महाराजांच्या चितेबरोबर सकवारबाईही गेल्या. गादीच्या वाटेतला एक अडथळा दूर झाला आणि त्याला पुण्याचं नाव मिळालं.

कोणी कोणी हा प्रसंग पातिव्रत्य म्हणून सांगतं. मी तसं सांगणार नाही. भक्तीच्या नावाखाली एखाद्या बाईला कोपऱ्यात रेटणं ही भक्ती नव्हे. मग ती बाई स्वतः किती का राजकारणी असेना. ज्या राण्यांनी बाळाला विष घातलं, त्यांनाही भागवत जाळत नाही. त्या यमुनेवर जाऊन प्रायश्चित्त घेतात, आणि कथा पुढे जाते. सकवारबाईंना प्रायश्चित्ताएवढीही जागा कोणी ठेवली नाही.

१७५० च्या जानेवारीत रामराजा साताऱ्यात आले. हा भोसल्यांचाच रक्ताचा आहे हे लोकांना पटावं म्हणून ताराबाईंनी सैन्यासमोर त्यांच्याबरोबर एका ताटात जेवून अन्नाची शपथ घेतली, असं सांगतात. हा माझा नातू. मग काही महिन्यांतच लक्षात आलं की नातू आजीच्या मुठीत राहत नाही, पेशव्यांना काढून टाकत नाही. चंपाषष्ठी आली. खंडोबाचा सण, घराघरात वांग्याचं भरीत आणि रोडगे. त्या दिवशी ताराबाईंनी नातवाला सणासाठी साताऱ्याच्या किल्ल्यावर बोलावलं आणि तिथेच कैदेत टाकलं. सणाचं बोलावणं आणि आतून दरवाजा बंद. पुढे १४ सप्टेंबर १७५२ ला पेशव्यांशी समेट झाला तो जेजुरीला, खंडोबाच्या समोर. तिथे त्यांनी दुसरी शपथ घेतली, की रामराजा आपला नातू नाहीच, तो गोंधळ्याच्या घरातला आहे.

अन्नावर हात ठेवून नातू. भंडाऱ्यावर हात ठेवून नातू नाही. दोन्ही देवाधर्माच्या साक्षीने. यातलं खरं कोणतं यावर इतिहासकार अजून लिहितात, लिहू देत. मला त्यातला एक शब्द टोचतो तो वेगळ्याच कारणाने. गोंधळ्याच्या घरातला, हे त्यांनी हलकं करायला म्हटलं होतं. आपल्याकडे लग्नानंतर देवीचा गोंधळ घातल्याशिवाय घर पुरं होत नाही. संबळ वाजतो, रात्रभर पोत पेटता राहतो आणि सगळ्या देवतांना नाव घेऊन बोलावणारा तो गोंधळीच असतो. त्याच्या घरातलं असणं हा कमीपणा कधीपासून झाला?

आणि यात त्या रामराजाचं काय झालं असेल? चित्रकेतूच्या मुलाने निदान स्वतः म्हटलं होतं की मी तुमचा कोणी नाही. इथे जिवंत माणसाला दुसऱ्यांनी सांगितलं, आज तू आमचा आणि उद्या कोणीच नाहीस. ताराबाई असेपर्यंत ते कैदेतच राहिले. १७६१ च्या डिसेंबरमध्ये, पानिपतानंतर काही महिन्यांनी, त्या गेल्या. रामराजा सुटले, छत्रपती म्हणून त्यांना मानही मिळाला. पण राज्य कधीच पुण्याला गेलं होतं.

गीतेच्या तेराव्या अध्यायात भगवंत ज्ञानाची लक्षणं सांगतात, त्यात मुलगा, बायको, घर यांत गुंतून न राहणं हे एक आहे. ते वाचताना आपल्याला कोरडं, रुक्ष वाटतं. प्रेमच करू नये की काय, असा प्रश्न तुम्ही गटात दर वेळी विचारता. त्याचं उत्तर मला साताऱ्याच्या या घरात थोडंफार सापडतं. विरूबाईंच्या पोटचा मुलगा नव्हता, त्यांनी पाटलाचा मुलगा वाढवला आणि कधी त्याच्या नावावर गादी मागितली नाही. येसूबाईंचा पोटचा मुलगा होता, त्यांनी त्याच्या हक्कावर पाणी सोडलं. या दोघींनी प्रेम कमी केलं का? मला तरी तसं दिसत नाही. उलट ताराबाईंनी ज्याला माझा माझा म्हणून जगासमोर आणलं, त्याच्यावर त्यांचं प्रेम कधी होतं का, याचीच मला शंका वाटते. उद्याच्या वाचनात नारद चित्रकेतूला मंत्र देतात तो भाग आहे. तेव्हा हे पुन्हा बोलू. तोवर कोणाला माहुलीला जायचं असेल तर पावसाळा टाळा, संगमाला पाणी खूप असतं. १७३५ मध्ये श्रीपतराव प्रतिनिधींनी बांधलेलं विश्वेश्वराचं देऊळ तिथेच आहे, तेही बघा. येसूबाईंची समाधीही माहुलीलाच आहे.

एक राहिलं. रामराजांनाही मुलगा नव्हता. १७७७ मध्ये जाण्याआधी त्यांनी वावीच्या भोसल्यांकडचा मुलगा मांडीवर घेतला. त्याचं नाव ठेवलं शाहू.